तहाचं वाचन

येत्या मे महिन्यात आमच्या इतिहास मंडळाला पंचवीस वर्षं पूर्ण होतील. गेले दोन महिने दर रविवारी वसई गावात, पारनाक्याजवळ एका सभासदाच्या ओटीवर बैठका चालू आहेत. खजिनदार म्हणून खर्चाचा अंदाज माझ्याकडे आला. त्यासाठी जुन्या वह्या काढल्या आणि आकडेमोड बाजूलाच राहिली, एकेक मेळावा डोळ्यांसमोर येत गेला.

मेळावा मेच्या मध्यात, वसईच्या विजयाच्या दिवसांत, म्हणजे १७३९ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली आणि तह झाला त्या दिवसांत. दीपप्रज्वलन, स्वागत, अहवाल, ताळेबंद, आभार हे सगळीकडे असतं तसंच आमच्याकडेही. सकाळची किल्ल्यातली फेरी मात्र आमची खास. भूदरवाजातून आत शिरायचं आणि सागरी दरवाजापाशी खाडीचा वारा अंगावर घेत थांबायचं. मधे फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत. पोरं बाटलीतलं पाणी त्यावर ओततात. दगड ओला झाला की झिजलेली पोर्तुगीज अक्षरं गडद होऊन वर येतात, आणि ऊन इतकं की दोन मिनिटांत पुन्हा दिसेनाशी होतात. तेवढ्या वेळात जो नाव वाचेल त्याला सुकेळीचं, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचं, एक पुडकं. पाचवी-सहावीतली मुलं गुडघ्यांवर बसून, बोट फिरवत एकेक अक्षर लावतात, ते बघायला तरी सभासदांनी सकाळी यावं असं मला दरवर्षी वाटतं. येतात वीस-पंचवीसजण.

हजेरीबद्दल बोलतेच आहे तर मनातलं सांगते. पहिल्या मेळाव्याला अडीचशे माणसं होती, गेल्या वर्षी वहीत सह्या पंच्याऐंशी. मे म्हणजे लग्नसराई, हे मान्य. पण स्टेशनकडे राहायला गेलेले आपलेच लोक ‘रिक्षा मिळत नाही’ म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. निर्मळहून एक आजी लाल लुगड्यात, काठी टेकत, दोन वाहनं बदलून येतात आणि पहिल्या रांगेत बसतात. नाश्ता होईपर्यंत थांबून तहाच्या वाचनाआधी निघून जाणाऱ्यांनी एकदा त्यांच्याकडे बघावं.

कारण ते वाचन हाच आमचा मेळावा.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात शेवटच्या अर्ध्या तासात ते होतं. आधी एखादी मुलगी उभी राहून मोहीम सांगते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली इथून सुरुवात. मग १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७३९ च्या जानेवारीत तारापूर, आणि तिथे मराठ्यांचे सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. मग वसईचा वेढा. चिमाजी अप्पा, शंकराजी केशव, मानाजी आंग्रे, पुढे मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखाली सुरुंग उडाले, तट फुटला, आत घुसणाऱ्यांपैकी कितीतरी तिथेच गेले. मुलगी इथे थांबते. टाळ्या वाजवायच्या नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मग मास्तर उठतात. पापडीकडचे ख्रिस्ती कुटुंबातले, सदतीस वर्षं मराठी शिकवलेले. मंडळ निघालं तेव्हा पहिल्या बैठकीला जे अकराजण होते त्यांतले एक. ते १६ मे १७३९ च्या तहाची कलमं वाचतात. शहर रिकामं करायला आठ दिवसांची मुदत. किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, सन्मानाने बाहेर पडावं. ज्यांना जायचं त्यांनी आपली चीजवस्तू गलबतांवर घालून न्यावी. जे मागे राहतील त्यांनी आपला धर्म पाळावा, त्यांना कोणी अडवणार नाही. २३ मेला पोर्तुगीज बाहेर पडले, दोनशे पाच वर्षांनी. मास्तरांचा आवाज मोठा नाही, पण शेवटच्या कलमाशी ते थांबतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, ‘मी या कलमातला माणूस.’ चोवीस वर्षं तेच वाक्य ऐकतेय आणि अजून माझा घसा दाटून येतो. जिंकणाऱ्यांच्या घरातली मुलगी आणि मागे राहिलेल्यांच्या घरातले मास्तर एकाच व्यासपीठावरून ही गोष्ट सांगतात, हे वसईतच होऊ शकतं, आणि याचा मला फार अभिमान आहे.

एका वर्षी नेमकी त्याच वेळी वीज गेली. पंखे बंद, माईक बंद, बाहेर अंधारून आलेलं. कोणीतरी मेणबत्ती शोधायला धावलं. मास्तर थांबलेच नाहीत. कागद खाली केला आणि तोंडपाठ म्हणत गेले. सभागृहात नुसता त्यांचा आवाज, आणि मागे कोणाच्या तरी हातातल्या पंख्याची फडफड. एक पोरगा पुढे येऊन मोबाइलचा उजेड त्यांच्या कागदावर धरून उभा राहिला, वाचन संपेपर्यंत. त्याचं नाव त्या वर्षीच्या आभारात राहून गेलं. तो पाचूबंदरचा, आता बोटीवर असतो. यंदा त्याला बोलावून आभार मानायचे, हे मी यादीत सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

बाकी ज्यांच्यावाचून चोवीस मेळावे झाले नसते त्यांची यादी पुन्हा पुन्हा तपासतेय. मंडपवाले दादा, जे तिसऱ्या वर्षापासून फक्त वाहतुकीचे पैसे घेतात. किल्लाबंदरच्या कोळीवाड्यातल्या दोन ताई, ज्या सकाळच्या फेरीला हंडे भरून पाणी ठेवतात. आगाशीचे बागायतदार काका, ज्यांच्या घरची सुकेळी केळीच्या सोपटात बांधून येतात. होळी बाजारातले झेरॉक्सवाले, चहाचं पातेलं एकट्याने उचलणारे शिपाईमामा, शाळेच्या बाई, रांगोळीवाल्या वहिनी, मास्तरांना घरून आणणारे आणि पोचवणारे रिक्षावाले काका. थडग्यांवरची पोर्तुगीज नावं मराठीत लिहून देणारे फादर. दोघं गेले, आमचे पहिले चिटणीस आणि ध्वनिक्षेपकवाले आजोबा. त्यांच्या घरी आमंत्रण घेऊन मी स्वतः जाणार आहे. कोणी राहिलं असेल तर हक्काने सांगा, मागून कळलं की रात्र रात्र झोप लागत नाही.

पंचविसाव्या वर्षाचे बेत खूप आहेत. थडग्यांच्या लेखांची छोटी पुस्तिका निघणार. विजयानंतर वसईच्या चर्चमधून मराठ्यांनी नेलेल्या घंटा बघायला सहल निघणार, एक गाडी नाशिकला नारोशंकराच्या देवळात, दुसरी वाईजवळ मेणवलीला. मेणवलीला आम्ही एकदा गेलो होतो. कृष्णेच्या घाटावर, देवळाच्या आवारात ती घंटा टांगलेली आहे. १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मारिया असं तिच्यावर कोरलेलं आहे. मास्तरांनी तळहात घंटेवर ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पुजारी जवळच होते. ते आत गेले आणि मास्तरांच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवून गेले. दोघंही एक शब्द बोलले नाहीत.

मिरवणूक, ढोल-ताशा, किल्ल्यावर दिव्यांची रोषणाई असाही एक बेत आहे. तरुण मंडळी हौशी आहेत, त्यांचा उत्साह मला मोडायचा नाही, पुरातत्त्व खात्याची परवानगी मिळाली तर रोषणाई जरूर व्हावी. पण गेल्या रविवारी कार्यक्रमपत्रिकेचा जो कच्चा मसुदा आला त्यात ‘तहाचं वाचन – ५ मिनिटं’ असं लिहिलेलं होतं, पाहुण्यांच्या भाषणानंतर, जेवणाच्या तोंडावर. मी तिथेच विरोध केला आणि इथेही करते. ढोल आपल्याकडे वर्षभर वाजतात. अर्धा तास हवा, आणि तो भाषणांच्या आधी हवा. बैठकीत चौघांनी माझ्या बाजूने हात वर केले, तिघं गप्प राहिले. ठराव येत्या रविवारी होईल. ज्यांना हे पटतं त्यांनी कृपा करून त्या दिवशी तरी हजर राहावं.

मास्तरांना आता फार वेळ उभं राहवत नाही आणि बारीक अक्षर दिसत नाही. परवा भेटायला गेले तेव्हा त्यांनी वाचनाची वही माझ्या हातात दिली. शंभर पानी, कोपरे मऊ झालेली. कलमं मोठ्या अक्षरात लिहिलेली, जिथे श्वास घ्यायचा तिथे निळ्या पेन्सिलीची उभी रेघ. शेवटच्या कलमापाशी दोन रेघा, आणि समासात ‘चष्मा’ एवढाच शब्द. पहिल्या वर्षी मोहीम सांगणारी सहावीतली मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. यंदा मास्तर खुर्चीत बसून वाचतील आणि ती शेजारी उभी राहून पानं उलटेल. आवाज थकला तर पुढचं कलम ती वाचेल. शेवटचं मात्र मास्तरच. तालीम शनिवारी संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या अंगणात आहे, रिक्षावाले काका चार वाजता तिला स्टेशनवर घ्यायला जातील.