दयाळाची पेटी, हंगाम तिसरा

पक्ष्यांच्या घरट्यासाठी टांगलेली पेटी दोन वर्षं रिकामीच राहिली. यंदा मात्र नवी पेटी दयाळ पक्ष्याच्या जोडीने पसंत केली. एक वीण सुखरूप पार पडली, दुसरी गेली. दोन्ही सविस्तर लिहिते, कारण दुसरी माझ्या चुकीमुळे गेली आणि ती चूक तुमच्याकडून होऊ नये.

जागा अशी. गोव्यातल्या फोंड्याजवळच्या खेड्यातलं आमचं जुनं चिऱ्याचं घर आणि मागचं परस. कुळागर (माड-पोफळीची बाग) म्हणण्याएवढं मोठं नाही, पण नऊ माड, दोन आंबे, फणस, शेवगा, थोड्या केळी आणि विहीर आहे.

पहिल्या वर्षी पेटी आंब्याला बांधली, तर तांबड्या मुंग्यांनी पानं जोडत आणून झाकणावरच घर केलं. दुसऱ्या वर्षी ती मागच्या पडवीच्या भिंतीवर नेली, पण तोंड नैऋत्येकडे राहिलं. दुपारचं ऊन सरळ आत जायचं आणि वळवाच्या पावसात तळाला बुरशी आली. म्हणून यंदा जानेवारीत सुताराकडून फणसाच्या उरलेल्या फळ्यांची नवी पेटी करून घेतली. आतून तळ 13 बाय 13 सेंटीमीटर, उंची 28, भोक साडेपाच सेंटीमीटरचं आणि तळापासून सतराएक सेंटीमीटर वर. तळाला पाणी निथळायला चार बारीक छिद्रं. रंग नाही, पॉलिश नाही. भोकाखाली बसायला दांडी तर मुळीच नाही. दयाळाला ती लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. ही पेटी त्याच पडवीच्या दुसऱ्या भिंतीवर, पागोळ्यांच्या आत, ईशान्येकडे तोंड करून, अडीच मीटर उंचीवर लावली.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटच्या (घराभोवतीचे पक्षी मोजायच्या जगभरच्या उपक्रमाच्या) चार दिवसांत रोज सकाळी पंधरा मिनिटं विहिरीच्या कठड्यावर बसले. परसात 27 जाती मिळाल्या. दयाळाचा नर तेव्हाच तुळशीवृंदावनावर बसून गायला लागला होता, पहाटे साडेपाचपासून.

21 मार्च. मादी पेटीत शिरली. चोचीत नारळाच्या सोडणाचा काथ्या होता, तिच्या अंगाएवढा लांब. तो भोकात आडवा अडकला. तिने दोनदा मागे घेतला, मग टोकाशी धरून आत ओढला. नर वर पन्हळीवर बसून शेपटी उचलत होता. घरटं बांधायला त्याने हातभार लावलेला मला दिसला नाही. त्याचं काम राखणीचं. जवळ आलेल्या बुलबुलालाही तो उठवून लावायचा.

30 मार्चला पेटीत चार अंडी होती. मादी चरायला गेल्यावर काठीला बांधलेला छोटा आरसा भोकाशी धरून मी एकदाच बघितलं. फिकट निळसर-हिरवी, वर तपकिरी ठिपके. त्यानंतर आरसा कपाटात ठेवला. उबवते ती एकटी मादी. एवढ्या दिवसांत तिला घाबरवलं तर ती घरटं सोडू शकते.

याच दिवसांत सासूबाईंशी माझी रोजची बोलाचाली.

‘अगो, हा पाचोळा कधी काढायचा? पावसाआधी परस लख्ख नको?’

‘आई, दयाळ त्यातच किडे शोधते. पिल्लं उडेपर्यंत थांबा.’

‘आणि ती शेवग्याची वठलेली फांदी? तीही थांबायची?’

ती फांदी मी दोन वर्षं तोडू दिलेली नाही. यंदा तिच्यात कुटुर्ग्याने, म्हणजे तांबटाच्या हिरव्या भाऊबंदाने, बीळ कोरलं, खाली सगळा भुसा पडला होता. आपल्याकडे किती पक्ष्यांचं घर एका वठलेल्या फांदीवर अवलंबून असतं! कुटुर्गा, तांबट, सुतारपक्षी बिळं कोरतात आणि ती सोडून गेले की त्यांतच दयाळ, साळुंकी राहायला येतात. आपण मेलेलं लाकूड तोडून टाकतो, म्हणून तर पेट्या टांगाव्या लागतात. मला विचाराल तर पेटीआधी फांदी वाचवा.

12 एप्रिलला पिल्लं बाहेर आली. मादी कवचाचा तुकडा चोचीत धरून उडाली, त्यावरून कळलं. पुढचे पंधरा दिवस मी पडवीच्या दाराआड खुर्ची टाकून काढले. एका सकाळी साडेसहा ते साडेसात मोजल्या तर दोघांच्या मिळून एकोणीस फेऱ्या झाल्या. अळ्या, नाकतोडे, गांडुळं. एकदा नराने पाल आणली, बोटाएवढी, शेपूट अजून वळवळत होतं. ती त्याने पायरीवर चार-पाच वेळा आपटली आणि मगच आत नेली. परतताना पिल्लाची विष्ठा पांढऱ्या पुडीसारखी चोचीत धरून थेट विहिरीपलीकडे नेऊन टाकायचे. घरट्याखाली घाण पडत नाही आणि शत्रूला माग लागत नाही.

तोवर सासूबाई कोकमाची सोलं वाळत घालता घालता स्वतःच फेऱ्या मोजू लागल्या होत्या. पाचोळ्याचा विषय निघाला नाही.

27 एप्रिलला तीन पिल्लं उडाली. चौथं अंडं फुटलंच नव्हतं. शेपट्या आखूड, उडणं म्हणजे केळीपासून फणसापर्यंत. एक खाली पाचोळ्यात बसून राहिलं. अशा वेळी पिल्लू उचलून खोक्यात घालू नका. आईबाप आसपासच असतात आणि त्याला भरवतात. आम्ही एवढंच केलं की घरचं मांजर दोन दिवस आत कोंडलं.

याच सुमाराला पपनसाच्या झाडावर शिंपी पक्ष्याने घरट्यासाठी दोन पानं शिवली. हातभरावरून पाहिलं. पानाच्या कडेला चोचीने बारीक भोकं पाडून सावरीचा कापूस त्यातून ओवलेला, आणि बाहेर आलेलं टोक फुलून बोंडासारखं झालेलं, म्हणून धागा मागे सरकत नाही. गाठ कुठेच नाही. आतल्या अंड्यांकडे मी पाहिलं नाही, पण एके दिवशी दोन्ही शिंपी तोंडात अळ्या घेऊन आले तेव्हा फार बरं वाटलं.

आता दुसरी वीण. पेटी साफ करून, उन्हात तापवून पुन्हा लावली होती. 9 मेला मादी परत काथ्या घेऊन हजर. 18 तारखेपर्यंत ती उबवायला बसली. मग एका संध्याकाळी जोराचा वारा आणि वळीव आला. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘पेटीच उचलून पडवीत ठेव ना, बिचारी भिजतील.’ मी नको म्हटलं. जागा हलली तर मादी परत येईलच असं नाही. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही शिकारीतच धरलं आहे. पेटी कोरडी राहिली आणि मला वाटलं, जिंकलो.

22 मेला दुपारी नर-मादी दोघं चर्र-चर्र ओरडत होते. मी धावत गेले. पेटीच्या भोकातून धामणीचं अर्धं अंग बाहेर लोंबत होतं. ती मधुमालतीवरून चढली होती. मार्चमध्ये हा वेल पेटीपासून हातभर लांब होता, मेमध्ये त्याची फांदी झाकणाला टेकली. मी रोज तिथे बसत होते, फुलंही बघत होते, आणि फांदी मला दिसली नाही.

धामणीला हुसकलं नाही. अंडी तोवर गेलीच होती आणि परसातले उंदीर तीच आवरते. मादी संध्याकाळपर्यंत पेटीच्या तोंडाशी येऊन आत डोकावत होती. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या हंगामासाठी पेटी भिंतीवरून काढते आहे. विहिरीच्या बाजूला मोकळ्यात लोखंडी पाइप, त्यावर पेटी, आणि पेटीखाली पत्र्याची उलट्या फनेलसारखी झालर. सभोवार दोन मीटरपर्यंत फांदी-वेल काही नाही. पाइप आणून ठेवलाय. पत्रा कापून देणारा सापडायचा आहे. कुणी अशी झालर केली असेल तर माप कळवा.

14 जून. पाऊस धरलाय. पाण्याची मातीची पसरट थाळी मी एरवी रोज सकाळी रिकामी करून भरते, डासांची अंडी राहू नयेत म्हणून. आज ती पावसानेच भरली. त्यात एक लहान दयाळ आंघोळ करत होता, छातीवर अजून पिल्लाचे तपकिरी खवले. मग उडून तो आडव्या ठेवलेल्या पाइपावर बसला, पंख झटकले आणि शेपटी वर केली. आता ती पुरती लांब झाली आहे.