कंगवा नको, पक्कड आणा

मृगाचा पहिला पाऊस पडून दोनच दिवस झाले होते. दुपारी पावणेदोनला आम्ही डबे उघडून बसलो होतो, तेवढ्यात पार्लरचं दार ढकलून तिघी आत आल्या. पुढे आई, मागे आजी, आणि मध्ये डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. ओढणीच्या आत कपाळाच्या वर काहीतरी उभं होतं. माझ्याकडे शिकायला येणारी पोरगी घास तोंडात तसाच धरून बघत राहिली.

"ताई, आधी हसायचं नाही," असं म्हणून आईनं ओढणी काढली.

राउंड ब्रश. मूठ तेवढी बाहेर, बाकीचा सगळा केसांत बुडालेला, टाळूला टेकलेला. एक शिंग फुटावं तसा. आणि सगळ्या डोक्यावर खोबरेल तेल, इतकं की कानशिलावरून ओघळत होतं.

संध्याकाळी सहाला मिरजेत थोरल्या बहिणीचा साखरपुडा होता आणि ही करवली. पुण्यात नोकरी करते. दर वेळी पार्लरला कशाला पैसे घालायचे म्हणून हिनं ड्रायर आणि ब्रशांचा सेट मागवला, चार व्हिडिओ बघितले आणि सकाळी अकराला केस धुऊन आरशासमोर उभी राहिली. पहिलीच बट गुंडाळली ती थेट मुळापर्यंत. ड्रायर मारला. सोडायला गेली तर ब्रश सुटेना. बहिणीनं उलटा फिरवून बघितला, मग आणखी गुंतला. आजीनं तेल ओतलं. मामी कात्री घेऊन आली तेव्हा मुलगी रडायला लागली, आणि मग कुणाला तरी माझं पार्लर आठवलं.

"मी म्हटलंच होतं, कापायचं नाय म्हणून," आजी म्हणाल्या.

"आजी, तेल ओतलंत तेवढं एक काम शहाण्यासारखं झालं," मी म्हणाले, आणि ते खरंच होतं. कोरडा गुंता एकमेकांत घट्ट बसतो, तेलानं केस केसावरून सरकतो. आजींनी सुनेकडे असं काही बघितलं की मी पटकन मान फिरवली.

ब्रश हातानं चाचपला आणि काय झालंय ते कळलं. जेमतेम अंगठ्याएवढ्या जाडीचा, आखूड केसांसाठी असतो तसला ब्रश. हिचे केस कमरेपर्यंत. त्यात तळहाताएवढी रुंद बट घेतलेली आणि तीही निथळती ओली. ओला केस ताणला की रबरासारखा लांबतो, वाळताना आखडतो. म्हणजे ब्रशभोवती वेढ्यावर वेढे बसले आणि गरम वाऱ्यानं ते आवळले. त्यावर उलटा पीळ. दोरखंड वळायची रीत साधारण हीच.

मी खालच्या दुकानातल्या इलेक्ट्रिशियनकडे पोरीला पिटाळलं. ती कंगवा घेऊन उभी होती. म्हटलं, कंगवा नको, पक्कड आण. वायर कापायची, बारीक टोकाची.

ब्रशच्या आतली नळी धातूची असते, ती काही कापता येत नाही. पण काटे नायलॉनचे असतात. काटे एकेक करून मुळाशी छाटले की केसांना धरून ठेवायला काही उरत नाही. मुठीकडच्या टोकापासून सुरुवात केली. कंडिशनर चोपडायचा, शेपटीच्या कंगव्याच्या टोकानं चार-पाच केस उचलायचे, सुटले की बाजूला क्लिप लावायची, मोकळा झालेला काटा पकडीनं छाटायचा. पुन्हा चार केस. पोरगी एका हातानं मूठ आणि दुसऱ्या हातानं केसांची मुळं दाबून धरून होती, म्हणजे ओढ टाळूला लागत नाही. मुलगी डोळे मिटून बसलेली. आईला सतत मिरजेहून फोन. आजी माझ्या डब्यातली भेंडी कशी झालीय ते बघत होत्या.

तीनला पाच मिनिटं कमी असताना ब्रश हातात आला. टक्कल पडलेला. त्याच्याबरोबर लिंबाएवढा केसांचा गोळा गेला, तो वाचवता आला नाही. पण कात्री लागली नव्हती.

आता प्रश्न तेलाचा. एवढ्या तेलावर आधी पाणी ओतलं तर तेल तसंच राहतं आणि तीनदा धुवावं लागतं. तेलकट केस कोरडे असतानाच शाम्पू चोळायचा, तो तेलात मुरू द्यायचा आणि मग पाणी. दुसऱ्या धुण्यात केस मोकळे झाले. शेवटचं पाणी मी पिंपातलं, नळाचं घेते. आमच्या इमारतीच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यानं केस धुतले की हाताला खरखरीत लागतात आणि मग ब्लो-ड्रायला, म्हणजे ड्रायर आणि ब्रशनं केस बसवायला, कितीही वेळ घाला, चमक येत नाही. घरी बोअर असेल तर एक तांब्या गोडं पाणी शेवटी ओता, एवढं मी प्रत्येकीला सांगते.

खुर्चीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "ताई, तुम्ही एक बाजू करा, दुसरी मी करते. मला हे यायलाच पाहिजे आता."

आईनं कपाळावर हात मारला. मला मात्र बरं वाटलं. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, गिऱ्हाइकाला शिकवलं की गिऱ्हाईक गेलं. माझा अनुभव तसा नाही. घरी करायला लागलेल्या बायका लग्नाकार्याला माझ्याकडेच येतात, कारण आपण नक्की कशाचे पैसे देतोय ते त्यांना तेव्हा कळलेलं असतं.

उजवी बाजू मी घेतली आणि करता करता सांगत गेले. टॉवेलनं चोळायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टात दाबून पाणी टिपायचं. हीट प्रोटेक्टंट, म्हणजे उष्णतेपासून केस वाचवणारं औषध, ओल्या केसांना, मुळं सोडून. मग ब्रशला हात न लावता नुसत्या बोटांनी केस हलवत वाळवायचे, अगदी दमट म्हणावेत इतके होईपर्यंत. बायका हीच पायरी गाळतात. निथळत्या केसाला ब्रशनं आकार देणं म्हणजे पाणी आटायच्या आधीच भाताला वाफ देणं. केस आकार घेतो तो वाळण्याच्या शेवटच्या टप्प्यात. केसातल्या केराटिनचे काही बंध पाण्यानं सुटतात आणि वाळताना, केस ज्या आकारात असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. म्हणून पुन्हा पाणी लागलं, अगदी हवेतला दमट वारा लागला, तरी ते सैलावतात. जूनमधल्या सांगलीत निम्मी लढाई त्याच्याशीच असते.

मग क्लिपा लावून केसांचे भाग पाडले. बट ब्रशच्या लांबीहून रुंद नाही. ड्रायरला चपट्या तोंडाचं नोझल (ते बहुतेक घरांत खोक्यातच पडून असतं), आणि वारा मुळाकडून टोकाकडे. केसावर खवले असतात, त्यांचं तोंड टोकाकडे. वारा त्या दिशेनं गेला की ते बसतात आणि उजेड सरळ परततो, ती चमक. उलटा गेला की उभे राहतात. बट वाळली की लगेच सोडायची नाही, थंड वाऱ्याचं बटण दाबून ब्रशवरच गार होऊ द्यायची.

"सोपं आहे," मी म्हणाले. हे मी गेली अठरा वर्षं सगळ्यांना म्हणत आलेय.

तिनं डावी बाजू घेतली. तिला माझा मोठा ब्रश दिला. शब्द न शब्द ऐकून तिनं सगळं बरोबर केलं आणि केस फुगून कापसासारखे उभे राहिले. पुन्हा केलं. पुन्हा तेच. मला कळेना. मी म्हटलं, वारा खाली पाहिजे, खाली. ती म्हणाली, खालीच तर आहे. मग जरा चिडून म्हणाली, "ताई, तुम्ही स्वतःचे करून दाखवा ना."

आता सांगायला हरकत नाही. मी स्वतःच्या केसांचा ब्लो-ड्राय कधी केलाच नव्हता. सकाळी अंबाडा घालायचा आणि दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यात हात घालायचे. कुठे जायचं असलं तर पोरगी करून देते. तरी ऐटीत अंबाडा सोडला, बाजूच्या बटेवर पाणी मारलं, ब्रश लावला, ड्रायर उचलला. आरशात बघते तर माझा ड्रायर खालून वर वारा मारतोय. कोपर खांद्याच्या वर जाईना. ब्रश उजवीकडे न्यायचा तर हात डावीकडे जाई. पोरगी तोंडावर टॉवेल दाबून मागे वळली. आजी मात्र उघड हसल्या.

तेव्हा उमगलं. आम्ही उभ्या असतो, गिऱ्हाईक बसलेलं असतं. आमचा हात वरून येतो, म्हणून वारा आपोआप मुळाकडून टोकाकडे जातो. त्यात आमचं कसब थोडं आणि उंचीच जास्त. घरी आरशासमोर तुमचा हात तुमच्या डोक्याच्या खाली असतो, त्यामुळे तुम्ही कितीही नेटानं केलंत तरी खवले उलटेच उभे राहणार. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

मग पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही तिघी मिळून शोधत बसलो. मान बाजूला कलती केली की केस डोक्यापासून सुटून खाली लोंबतात आणि ड्रायर त्यांच्या वर येतो. मागचे केस मागेच करायचा हट्ट सोडायचा, दोन भाग करून खांद्यावरून पुढे घ्यायचे. तिथे गोल ब्रश नकोच, चपट्या ब्रशनं नुसते ताणून वाळवायचे. गोल ब्रश फक्त समोरच्या बटांना आणि टोकांना, कारण लोकांना दिसतं ते तेवढंच. डोक्याच्या वरचे केस कपाळावरून पुढे ओढून गुंडाळायचे, मग मागून आलेला वारा बरोबर बसतो आणि केस मागे टाकले की फुगवटा राहतो. ड्रायर मुठीला न धरता मानेला धरला तर मनगट वळतं, फक्त मागची जाळी हातानं झाकायची नाही, नाहीतर आत हवा जात नाही आणि ड्रायर तापून बंद पडतो. हा शोध पोरीचा.

डाव्या बाजूचे मागचे केस छान बसले. मुलगी स्वतःवर खूष. समोरच्या बटा तेवढ्या राहिल्या होत्या, दमट. चार वाजून दहा मिनिटं. आणि लाईट गेली.

आई मटकन खुर्चीत बसली. "इन्व्हर्टर आहे की!" आजी म्हणाल्या. आहे, पण पंखे आणि दिव्यांपुरता. ड्रायर दोन हजार वॉटचा, त्यावर लावला तर इन्व्हर्टर किंकाळी फोडून बंद होतो, हे एकदा करून बघितलंय.

माझं पार्लर आधी मारुती चौकाजवळ होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा तिथे मुक्कामाला आली आणि खुर्च्या, आरसे, डोक्यावर टोपी येते तो मोठा ड्रायर, सगळं चिखलात गेलं. मग विश्रामबागेत नव्यानं सुरू केलं. त्या पुरातून वाचलं ते माळ्यावरच्या एका डब्यातलं सामान, त्यात जुने वेल्क्रो रोलर होते. आता ते कुणी मागत नाही. मी स्टूल घेऊन चढले आणि डबा काढला.

दमट बट हीच रोलरची खरी वेळ. सहा मोठे रोलर डाव्या कानापासून कपाळापर्यंत बसवले, प्रत्येक बट वर ओढून, चेहऱ्यापासून मागे गुंडाळत. तंग गुंडाळले नाहीत, ब्रशची आठवण ताजी होती. वरून एका जुन्या रेशमी साडीचा तुकडा सैल बांधला, कारण सुती कापडानं केस घासून पिंजारतात. सांगितलं, गाडीच्या काचा बंद, एसी चालू. एसीची हवा कोरडी असते, बटा वाटेत वाळतील. हॉलवर पोचल्यावर पंधरा मिनिटं थांबून रोलर काढायचे, कंगवा घालायचा नाही, बोटं फिरवायची आणि सीरमचे दोनच थेंब टोकांना.

पैसे किती, आईनं विचारलं. माझ्या दरपत्रकात ब्रश काढायचा दर नव्हता. ब्लो-ड्रायचे घेतले, तेही अर्धे, कारण अर्धा तिनंच केला होता. आजींनी जाताना बिनकाट्यांचा ब्रश मागून घेतला. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "मूठ चांगली हाय की त्याची."

पावणेसातला आईचा फोन आला. मागे सनई चालू होती. रोलर काढले, सगळे विचारतायत कुठल्या पार्लरमधून केलं म्हणून. आणि मग आवाज खाली करून, "सासूबाई म्हणतायत, डावी बाजू जास्त झकास झालीय." उजवी माझी होती.

दुकानं बंद व्हायच्या वेळी पक्कड परत द्यायला खाली उतरले. लाईट अजून आलीच नव्हती. इलेक्ट्रिशियननं पक्कड मोबाईलच्या उजेडात धरली. जबड्यात एक लांब केस अडकला होता. तो त्यानं दोन बोटांनी ओढून काढला, ताणून बघितला आणि विचारलं, "ताई, ही वायर किती एमएमची म्हणायची?"