बंडगार्डन ते संगम: पुण्याच्या नौकांमागे एक दिवस

सांगलीत कृष्णेवर होड्यांच्या शर्यती होत असल्यामुळे नौका पाहायला पुण्याला जावे, असे आम्हा मंडळींना सहसा वाटत नाही. पण भाचा पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात (आताचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ) शिकतो आणि त्याने तिथल्या रेगाटाचे, म्हणजे नौकांच्या उत्सवाचे, आमंत्रण दिले, म्हणून मार्चमध्ये निघालो. एसटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

सकाळ मोकळी होती, म्हणून आधी बंडगार्डनला गेलो. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात मुळा-मुठा नदीवर बांध घातला गेला आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी स्थिर राहिले. पुण्यात नौकाविहाराची हौस वाढण्याचे एक कारण हेच. याच काठावरच्या रॉयल कॅनॉट बोट क्लबची स्थापना 1868 ची, आणि त्याच्या नावातले कॅनॉट म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे पुत्र. बोट क्लब रस्त्याला या क्लबमुळे नाव मिळाले, मात्र आत प्रवेश सभासदांनाच असतो. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला नौकांपेक्षा भिंती आणि मोटारीच अधिक दिसतात. आणि ज्या संथ पाण्याने वल्हवणे शक्य केले, त्याच संथपणावर आता सांडपाण्याच्या जोरावर जलपर्णी फोफावते, हे पाहून मला खरोखर राग आला.

मुळा आणि मुठा मिळतात त्या संगमाकडचे वातावरण निराळे होते. 1854 मध्ये सुरू झालेल्या भाच्याच्या महाविद्यालयाचा बोट क्लब 1928 चा. त्याचे सभासद चार वर्षांत पदवी घेऊन निघून जातात, तरीही क्लब चालू राहतो, याचे मला फार कौतुक वाटते. वरच्या वर्गातली मुले खालच्या वर्गाला शिकवतात, एवढीच व्यवस्था. आठ वल्हेकऱ्यांची लांबलचक शेल, म्हणजे शर्यतीची अरुंद नौका, मुलांनी खांद्यावर घेऊन जेट्टीपर्यंत आणली, तेव्हा पुढचा मुलगा प्रत्येक पायरी मोठ्याने सांगत होता आणि मागच्यांची पावले त्या आवाजावर पडत होती. वल्हवणारे पाठमोरे बसतात. पुढचे फक्त कॉक्सला, म्हणजे सुकाणू सांभाळणाऱ्याला, दिसते. भाचा म्हणाला, "मामा, पहिल्या वर्षी आम्ही निम्मा वेळ जलपर्णीच ओढून काढत होतो."

संध्याकाळी कायाक या छोट्या निमुळत्या होड्यांच्या कसरती झाल्या, आणि काळोख पडल्यावर पंटवरचे, म्हणजे बांबूने रेटायच्या सपाट तळाच्या होड्यांवरचे, दिवे लागले. एका रांगेतल्या पंट वळून वर्तुळात शिरताना मधली एक जरा मागे राहिली. तिच्यावरच्या मुलाने बांबू दोनदा जोरात रेटला आणि दिव्यांची तुटलेली कडी पुन्हा जुळली. मी टाळ्या वाजवायचेही विसरलो. एरवी डासांनी हैराण केले होते आणि खुर्च्या इतक्या जवळजवळ मांडल्या होत्या की गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीला टेकत होते.

ऑलिंपिकला गेलेला नौकानयनपटू दत्तू भोकनळ वल्हवायला शिकला तोही पुण्यातच, पण लष्करात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तो एकेरीत, म्हणजे एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत, तेरावा आला. हे मी शेजारच्या वयस्कर माजी विद्यार्थ्याला कौतुकाने सांगितले. त्यांनी मान डोलावली, समोरच्या वर्तुळाकडे बोट दाखवले आणि म्हणाले, "ते सगळे ठीक आहे हो, पण आमच्या वेळी ही वळणे याहून नीट होत." कार्यक्रम संपताच ते तडक जेट्टीवर गेले आणि त्या मागे राहिलेल्या पंटवरच्या मुलाला बांबू कसा धरावा हे समजावत बसले.