टोकन लावलंय, सायनर चालू आहे, तरी साइट म्हणते 'सापडत नाही'

पुण्यात नारायण पेठेत माझं लहानसं ऑफिस आहे. रिटर्न भरणं, कंपन्यांची फाइलिंग आणि लोकांची टेंडरं भरून देणं ही रोजची कामं. भोसरीत वर्कशॉप असलेले एक काका बरीच वर्षं माझ्याकडे येतात. डिसेंबरात त्यांच्या एका टेंडरची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. काका दहालाच मेट्रोने मंडईला उतरून चालत आले. खिशातून रुमालात गुंडाळलेलं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीच्या सर्टिफिकेटचं, यूएसबी टोकन काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. कागद आदल्या दिवशीच तयार केले होते, फक्त सही करून अपलोड करायचं बाकी होतं.

सहीचं बटण दाबलं आणि टेंडरच्या पोर्टलवर लाल पट्टी आली: सायनर इन्स्टॉल केलेला नाही, डाउनलोड करा. सायनर म्हणजे टोकनने सही करून देणारा प्रोग्रॅम. खाली घड्याळाशेजारी सायनरची खूण मला डोळ्यांनी दिसत होती.

मी जे सगळे करतात तेच केलं. काढून टाकला, पुन्हा टाकला, मशीन रीस्टार्ट केलं. तोच संदेश. मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला, ब्राउझरने साठवून ठेवलेली कॅश साफ केली. सव्वाअकरा वाजले. काका काही बोलत नव्हते, पण दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. तेव्हा मी माउस सोडला आणि कागद घेतला. सही होण्यासाठी कोण कोणाशी बोलतं, ते एकाखाली एक लिहून काढलं.

हे नीट समजलं की निम्मा गोंधळ संपतो, म्हणून सांगते. पूर्वी वेबसाइट ब्राउझरमधल्या जावाच्या प्लगइनमार्फत, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅममार्फत, थेट टोकनपर्यंत पोचायची. तसली प्लगइन्स सुरक्षेसाठी बंद झाली: क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये ४५व्या आवृत्तीत, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२व्या आवृत्तीत. आम्ही बरेच जण त्यानंतरही खास सहीसाठी इंटरनेट एक्सप्लोरर सांभाळून होतो. १५ जून २०२२ ला तोही निवृत्त झाला. आता सायनर हा ब्राउझरचा भागच नाही. तो आपल्या मशीनवर वेगळा चालणारा प्रोग्रॅम आहे आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे आपल्याच मशीनच्या पत्त्यावर, एका ठरावीक पोर्टवर, म्हणजे आकडा दिलेल्या दारावर, कान लावून बसलेला असतो. पोर्टलचं पान त्या पोर्टवर हाक मारतं. उत्तर आलं नाही की पान म्हणतं, सायनर नाही. हाक मधल्यामध्ये अडली असेल तरी पान तेच सांगतं.

मग मी टोकनच्या बाजूने सुरुवात केली. टोकनचा दिवा लागलेला होता. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काकांचं नाव आणि सर्टिफिकेटची मुदत दिसली, मुदत शिल्लक होती. एक साधी पीडीएफ घेऊन अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये त्याच टोकनने सही केली. झाली.

"काका, तुमचं टोकन ठणठणीत आहे," मी म्हटलं.

"मग ताई, अडलंय कुठं?"

"ते आता सापडेल."

हे मी मनापासून म्हटलं, कारण ड्रायव्हर, पिन, सर्टिफिकेट या तिन्ही शंका त्या एका पीडीएफने मिटल्या होत्या. पिनचे प्रयोग मात्र कधीच करू नयेत. ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, आणि मग त्या दिवशीचं काम गेलंच म्हणून समजा.

पुढची पायरी सायनर. नव्या टॅबमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे पोर्टचा आकडा टाकून पान उघडलं. सर्टिफिकेटची तक्रार न येता एक ओळ आली, सायनर चालू असल्याची. म्हणजे प्रोग्रॅम जिवंत होता, पोर्टही त्याचाच होता. मी पत्ता टाकला तर उत्तर येत होतं, पोर्टलच्या पानाने हाक मारली तर येत नव्हतं. याचा अर्थ अडवणारा ब्राउझरच.

एफ-१२ दाबून ब्राउझरच्या आतल्या चुका दाखवणारा कन्सोल उघडला आणि सहीचं बटण पुन्हा दाबलं. लाल अक्षरांत ओळ आली, लोकल पत्त्यावर जायची परवानगी नाकारल्याची. ती वाचताना मला आठ दिवसांपूर्वीची गोष्ट आठवली. ऑफिसातली आर्टिकलशिपची मुलगी त्याच मशीनवर काम करत असताना क्रोमने एक लहान चौकट दाखवली होती: ही साइट तुमच्या लोकल नेटवर्कवरची उपकरणं शोधून त्यांच्याशी जोडू इच्छिते. तिने मला विचारलं आणि मीच म्हणाले होते, "अनोळखी काही मागत असेल तर ब्लॉक कर."

क्रोमने हा प्रश्न २०२५ च्या ऑक्टोबरात आलेल्या १४२व्या आवृत्तीपासून विचारायला सुरुवात केली. नियम योग्यच आहे. नाहीतर कुठलीही साइट आपल्या राउटरवर, प्रिंटरवर, मशीनवरच्या प्रोग्रॅमवर गुपचूप टकटक करू शकते. पण तेव्हा 'लोकल नेटवर्क' या शब्दांत आपलं स्वतःचं मशीनही यायचं, हे त्या चौकटीवरून कोणाला कळणार? आणि एकदा ब्लॉक म्हटलं की ब्राउझर पुन्हा विचारत नाही. पोर्टलच्या पट्टीत 'परवानगी तपासा' एवढे दोन शब्द असते तर काकांचा तो जीव टांगणीला लागला नसता, असं मला आजही वाटतं.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडच्या खुणेवर क्लिक, साइट सेटिंग, लोकल नेटवर्कसमोर 'अलाउ', पान रीलोड. फक्त त्या एका पोर्टलसाठी, सरसकट नाही. बटण दाबलं तशी पिनची चौकट समोर आली. मी कीबोर्ड काकांकडे सरकवला. त्यांनी एका बोटाने, एकेक आकडा पुटपुटत पिन टाकला. बारा वाजून चाळीस मिनिटांनी बिडची पावती प्रिंटरमधून बाहेर आली. काकांनी ती दोनदा वाचली, घडी करून टोकनबरोबर रुमालात ठेवली आणि म्हणाले, "ताई, आता चहा सांगा."

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या एका क्लायंटचा हडपसरहून फोन आला, अगदी तीच लाल पट्टी. मी पहिला प्रश्न विचारला, "पीडीएफवर सही होते का?" होत होती. १२७.०.०.१ उघडायला सांगितलं तर तिथे भलत्याच सायनरचं पान आलं. दोन पोर्टलांचे दोन सायनर एकाच पोर्टवर बसायला बघत होते, पहिल्याने जागा धरली होती. तो बंद करून दुसरा चालू केला आणि फोन ठेवायच्या आत सही झाली.