उसापासून विमानाचं इंधन: टक्के ठरले, इथेनॉलचं काय?

आंतरराष्ट्रीय उड्डाणांत शाश्वत इंधन (खनिज तेलाऐवजी ऊस, कचरा अशांपासून केलेलं) मिसळायचं केंद्राचं उद्दिष्ट असं: २०२७ला १ टक्का, २०२८ला २, २०३०ला ५. उसाचा मार्ग म्हणजे उसापासूनच्या इथेनॉलच्या रेणूतलं पाणी काढून इथिलीन वायू करायचा, त्याचे रेणू जोडून लांब साखळ्या, मग हायड्रोजन देऊन ऊर्ध्वपातन, म्हणजे तापवून विमानाजोगा भाग वेगळा काढणं.

गोम पहिल्याच पायरीत आहे. किलोभर इथेनॉलमधून इथिलीन निघतं जास्तीत जास्त ६१० ग्रॅम, उरलेलं पाणी. म्हणजे लिटरभर इंधनाला दीड लिटरहून जास्त इथेनॉल. पेट्रोलमध्ये तेच इथेनॉल जसंच्या तसं खपतं!

त्यात डिसेंबर २०२३मध्ये साखर कमी पडणार म्हणून उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला सरकारनेच लगाम घातला. अशा धरसोडीत कुठला कारखाना नव्या प्रकल्पासाठी कर्ज काढेल? आधी दहा वर्षांच्या खरेदीची हमी द्या, टक्के नंतर बघू.