कावळ्यांचं पाणी आणि प्रीमियम डिझेल

नागपूरजवळच्या वाडीत आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या शटरवर ‘पंप-नोझल’ एवढंच लिहिलं आहे. एकदा एक जण विहिरीतली मोटर घेऊन आला होता. तेव्हापासून खाली बारीक अक्षरात ‘डिझेल गाड्यांचे’ असंही लिहून घेतलं. बावीस वर्षं हेच काम करतोय. या बावीस वर्षांत सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच, “भाऊ, ते महागातलं डिझेल टाकावं का?” त्याचं माझं उत्तर कसं तयार झालं ते सांगायचं तर मागच्या आंबिया बहारातला एक दिवस सांगावा लागेल.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. सकाळी साडेनऊला एक पिकअप दुसऱ्या पिकअपला दोरानं ओढत दारात आली. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, २०१८ च्या. ओढणारीत साळा, ओढल्या जाणारीत जावई. काटोल-कोंढाळीच्या मधलं गाव, दोघांच्याही संत्र्याच्या बागा. दोघंही आपला आणि शेजाऱ्यांचा माल नागपूरच्या कळमना बाजारात पोचवतात. ओढल्या जाणाऱ्या गाडीत माल होता. तो रात्रीच दुसऱ्या गाडीत हलवावा लागला आणि पहाटेचा लिलाव हुकला. जावयाचा चेहरा त्यामुळेच उतरलेला, असं मला वाटलं. पण दुखणं निराळं होतं.

“भाऊ, मी साधं डिझेल कधी टाकलंच नाही,” तो उतरताच म्हणाला. “चार वर्षं झाली, प्रीमियम. वरून दर टाकीला औषधाची बाटली. अन् बंद पडली ती माहीच.”

साळा दोर सोडत होता. काही बोलला नाही, पण हसला. त्या हसण्यावरच पुढचं सगळं घडलं.

आधी गाडीवरच बॅक लीक पाहिला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमधून किती तेल परत येतं ते. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला पातळ नळ्या लावायच्या, खाली चार बाटल्या ठेवायच्या आणि स्टार्टर मारायचा. इंजेक्टर धड असेल तर बाटलीत बोटभरच तेल येतं. इथे दोन बाटल्या बोटभर राहिल्या आणि दोन गळ्यापर्यंत भरल्या. म्हणजे पंप जेवढं तेल दाबून रेलमध्ये, चारही इंजेक्टरना तेल देणाऱ्या जाड नळीत, पाठवतो, तेवढं ते या दोन इंजेक्टरमधून परत पळतं. मग रेलमध्ये प्रेशर बनत नाही, आणि प्रेशर नाही तर कॉम्प्युटर इंजेक्टर उघडत नाही. नुसतं घर्रघर्र.

“पाहा,” साळा म्हणाला, “मी हायवेवर जिथं रांग कमी तिथं भरतो. साधं. माही चालू हाय.”

“तुही आतून खराब झाली असन, तुले माहीत तरी हाय का?”

“लाव पैज. भाऊ, माही पण खोला.”

चालत्या गाडीचे इंजेक्टर उगाच खोलू नयेत, असं मी दोनदा सांगितलं. तांब्याचे वॉशर नवे लागतात, मजुरी लागते, बोल्ट जाम असला तर नसती कटकट. पण जावई-साळ्यात पैज लागली की मिस्त्रीचं कोण ऐकतं! बेंचचा, म्हणजे इंजेक्टर तपासायच्या मशीनचा, खर्च हरणाऱ्यानं द्यायचा ठरलं. खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. एकच मॉडेल, एकच रस्ता, एकच माल, किलोमीटरमध्ये दहा-बारा हजारांचा फरक, आणि डिझेल वेगळं. अशी जोडी आपल्याकडे चालून कधी येते?

पोरगा इंजेक्टर काढेपर्यंत चहा झाला आणि हिशेब निघाला. साळ्याकडे वही होती. टाकी फुल्ल ते फुल्ल, असं तो दर वेळी लिहितो. सरासरी लिटरला १३. जावयाकडे वही नव्हती, विश्वास होता. “माही चौदा देते.”

मी त्याला पाटीवर मांडून दाखवलं. डिझेल तेव्हा नव्वदीच्या घरात होतं. महागातलं समजा पाच रुपयांनी जास्त, म्हणजे साडेपाच टक्के. नुसते पैसे वसूल व्हायचे तर १३ ची गाडी सतत १३.७ च्या वर द्यायला हवी. बाटलीचे पैसे त्यात धरलेलेच नाहीत. आता भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, टायरमध्ये हवा कमी, रस्त्यात लागलेला जाम, पंपाच्या नोझलनं कुठे कट मारला, यांतच एका टाकीपासून दुसऱ्या टाकीपर्यंत एक किलोमीटर इकडचा तिकडे होतो. त्या गोंधळात अर्ध्या किलोमीटरचा फायदा झाला की नाही हे दोन टाक्यांत कळत नाही. महिनोन् महिने वही ठेवली तर कळेल. आणि जो महागातलं भरतो तो पहिले चार दिवस पायही हलका ठेवतो, हे मी माझ्या स्वतःच्या गाडीवर अनुभवलं आहे.

“मंग त्यात काहीच नसते का?” त्यानं विचारलं. थोडा दुखावला होता.

असते ना. फसवणूक नाही ती. साध्या डिझेलमध्येच वरून दवा मिसळलेली असते. नोझलवरची काजळी धुणारं डिटर्जंट, सिटेन, म्हणजे डिझेलचा पटकन पेट घेण्याचा गुण, थोडं वाढवणारं रसायन, गंज रोखणारं, फेस कमी करणारं. पण साधं डिझेलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. माझ्या उस्तादच्या काळात, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले, त्यात गंधकाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा. हजारपट कमी. सिटेन साध्यातही किमान ५१ असावंच लागतं. गंधक काढताना डिझेलचा पंपाला आतून वंगण देण्याचा गुण कमी होतो. तो भरून काढणारं औषधही त्यात आधीच घातलेलं असतं. कंपनीनं जे इंजिन साध्या डिझेलवर बसवलं, त्याला सिटेन आणखी दोन-चारनं वाढवून मिळालं तर थंडीत आवाज जरा मऊ होतो. ताकद वाढत नाही, कारण लिटरमागची उष्णता तेवढीच. 

डिझेलमध्ये टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनांचं, ऑइल टाकणारेही याच पंथातले. जुन्या पंपाच्या गाडीत खपून जायचं. बीएस-६ वाल्यांनी मात्र त्या भानगडीत पडू नये, त्याची राख सायलेन्सरमधल्या डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या गाळणीत, जाऊन बसते आणि जळून जात नाही.

साडेबाराला आठही इंजेक्टर टेबलावर आले. चुकू नये म्हणून पोरानं साळ्याच्या चारांना लाल दोरा बांधला होता.

आधी भिंगाखाली नोझलची टोकं पाहिली. जावयाची टोकं इतकी स्वच्छ होती की मी पुन्हा एकदा दोऱ्याची खात्री करून घेतली. दोन लाख किलोमीटरच्या घरातली गाडी, आणि भोकांच्या कडा उघड्या, धातूचा रंग दिसतोय. साळ्याच्या टोकांवर काळी टणक काजळी, दोन भोकांच्या तोंडाशी तर फुलकोबीसारखी फुगलेली.

जावयानं भिंगातून पाहिलं आणि साळ्याला नुसता हात केला, ये, पाहून घे. साळा पाहून आला आणि गप्प बसला. तेवढ्यापुरती पैज जावयानं जिंकली होती, आणि ती खरीच जिंकली होती. डिटर्जंटनं त्याचं काम केलं होतं. हे मी मोकळेपणानं बोललोही.

मग बेंच. साळ्याचे चारही पास. त्यांतल्या दोघांची डिलिव्हरी, म्हणजे फवारलं जाणारं डिझेल, किंचित कमी, काजळीमुळे, पण मर्यादेत. जावयाचे दोन काठावर पास, दोन साफ फेल. डिलिव्हरी नाही, रिटर्न मात्र धो-धो. उघडले. कॉमन रेलच्या इंजेक्टरमध्ये सुई आणि तिची बॉडी यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट असते, आपल्या केसाच्या विसाव्या भागाहूनही कमी. सोळाशे बारचं प्रेशर त्या फटीवर अडलेलं असतं. तिथे तांबूस डाग, सुईवर उभे ओरखडे आणि वरच्या व्हॉल्व्हच्या बैठकीला खड्डे. गंज. बाहेरून धुतलेला तांब्या आणि आतून भोक.

“पाणी,” मी म्हणालो.

“शक्यच नाही. पाण्याचा दिवा लागलाच नाही.”

मी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. मग तो जरा थांबून म्हणाला, “लागला होता. ऑगस्टमधी. गावातल्या मिस्त्रीनं दुसरी बाटली देली, पाणी मारनारी. टाकली अन् दिवा इझला. तवापासून तेच टाकतो.”

इथे मला घाम फुटला. फिल्टरच्या तळाशी पाणी साचतं, ते सेन्सरला टेकलं की दिवा लागतो, मग खालचा स्क्रू ढिला करून पाणी काढून टाकायचं. दोन मिनिटांचं आणि फुकटचं काम. औषधंही दोन जातींची असतात. एक पाण्याला डिझेलपासून वेगळं करून खाली बसवतं, म्हणजे फिल्टरला ते धरता येतं. दुसरं पाण्याचे बारीक बारीक थेंब करून डिझेलमध्येच मिसळून टाकतं. फिल्टरला फसवून ते पाणी पुढे जातं आणि पंपात, इंजेक्टरमध्ये पोचतं. दिवा विझतो, कारण फिल्टरखाली पाणी साचतच नाही. जावयाच्या बाटलीत नेमकं काय होतं ते मी सांगू शकत नाही, तिच्यावर तसलं काही लिहिलंच नव्हतं. पण त्याच्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत काढलं तर ते ताकाच्या निवळीसारखं गढूळ होतं. साळ्याचं शेजारी ठेवलं, त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं.

पण मूळ पाणी आलं कुठून? पंपावरून आलं म्हणावं तर वाडीतल्या ज्या पंपावर तो भरतो तिथलीच निम्मी गिऱ्हाइकं माझी आहेत. पावसाळ्यात त्यांच्यातल्या कुणाला काही झालं नव्हतं. पंपावर शंका आली तर तपासणी मागायचा हक्कही असतो. डिप रॉडला पाण्याची पेस्ट लावून टाकीत बुडवतात, पाणी असेल तिथवर रंग बदलतो. घनतेची नोंद रोज ठेवावी लागते, तीही मागून पाहता येते. फार थोडे लोक मागतात.

तेवढ्यात पोरगा पिकअपच्या मागून एक वीस लिटरची कॅन घेऊन आला. “उस्ताद, ही यांचीच. घरून आणलेली.”

“घरून?”

मग उलगडलं. गावाजवळच्या पंपावर साधंच मिळतं. प्रीमियमसाठी वाडीपर्यंत रिकामं कोण येईल? म्हणून नागपूरला आला की तो दोनशे लिटरचा ड्रम भरून नेतो. ड्रम बागेतल्या शेडच्या बाहेर, उभा. हातपंपानं काढायचं, गाडीत टाकायचं.

“शेडच्या बाहेर कायले?”

“आत खताच्या बोऱ्या हायेत.”

मी त्याला घरी व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. फोन त्याच्या बायकोनं उचलला. म्हणजे साळ्याची बहीण. “ताई, जरा त्या ड्रमपाशी जाता का?” असं म्हटल्यावर ती फोन घेऊन निघालीसुद्धा, चालता चालता बोलत, “मी तं केव्हाची सांगून रायली यायले. पावसात त्या ड्रमच्या डोक्यावर परातीसारखं पाणी साचते. कावळे येऊन पेतात. सकाऊन पाहा तं पाणी गायब. म्या म्हनलं, इतकं पाणी कावळे थोडीच पेतात?”

साळा शटरला टेकून बसला होता, तो हसता हसता खाली सरकला. जावयाला हसूही येईना आणि रागही.

कावळे नव्हते पीत. ड्रम पीत होता. दिवसा ऊन पडलं की आतली हवा फुगते आणि बुचाच्या झिजलेल्या वॉशरमधून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली, ड्रम थंड झाला की आतली हवा आकसते आणि बुचाभोवती जे साचलेलं असेल ते आत ओढून घेते. पावसाळाभर रोज एक-एक घोट. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाला. आणि हातपंपाची नळीही तळालाच टेकलेली. ताईंनी माझ्या सांगण्यावरून पंपाचे दोन दांडे मारून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत काढलं. बाटली कॅमेऱ्यासमोर धरली तर खाली चार बोटं चहाच्या रंगाचं पाणी, वर पिवळसर डिझेल, आणि मधल्या रेघेवर काळी शेवाळासारखी साय. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात, ही तीच. ती फिल्टर तुंबवते ते वेगळंच.

“आडवा ठेवा,” मी सांगितलं. “लाकडाच्या दोन फळ्यांवर, दोन्ही बुचं एका पातळीत, आतून डिझेलनं भिजलेली राहतील अशी. नाहीतर शेडमध्ये. आणि हे डिझेल आता गाडीत नको.”

“मंग याचं काय करू?” ताईंनी विचारलं. जावई म्हणाला, “ठेव तसंच, मी आल्यावर पाहतो.” फोन बंद झाला.

बिल २८,००० झालं. दोन इंजेक्टरचे व्हॉल्व्ह सेट आणि नोझल, टाकी खाली करून धुणं, रेल आणि पाइप साफ, फिल्टर. गाडीच्या पंपाला काही झालं नव्हतं हे त्याचं नशीब. तो गेला असता तर लोखंडाचा चुरा सगळीकडे पसरला असता आणि आकडा मी सांगितलाही नसता. चार वर्षांत महागातल्या डिझेलवर किती जास्तीचे गेले ते त्यानं पाटीवर मोडायला घेतलं होतं, मध्येच पुसून टाकलं.

बेंचच्या पैशांवरून मात्र दोघंही अडून बसले. जावई म्हणाला, नोझल माझेच साफ. साळा म्हणाला, गाडी कोणाची ओढून आणली? शेवटी मी दोघांकडून निम्मे-निम्मे घेतले, आणि तेवढ्यावर दोघंही नाराज झाले.

साळ्याचे इंजेक्टर अल्ट्रासोनिकमध्ये धुऊन, नव्या वॉशरवर बसवून तो संध्याकाळी पाचला निघाला. जावई पोराशी फिल्टरचा स्क्रू कुठे असतो ते बघत होता. साळा गाडीत बसला, काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

“भाऊ, ती काजई पुन्हा जमन ना?”

“जमेल. दीड-दोन लाखांनी.”

“मंग सहा महिन्यांतून दोनेक टाक्या ते महागातलं टाकून पाहू का? पंपावरूनच, ड्रमातून नाही.”

“टाका. हरकत नाही.”

त्यानं आरशातून मागे पाहिलं, जावई अजून गाडीखालीच होता.

“त्याले सांगू नका फक्त,” तो म्हणाला, आणि वाडीच्या पंपाकडे वळला.