मापाचं वल्हं : आमची वाटचाल

आमच्या कारखान्यात तयार मालाचा साठा नसतो. ऑर्डर आली की आधी गिऱ्हाइकाच्या अंगाचं माप मागवतो. दोन्ही हात पसरून एक वाव, त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात मिळवला की वल्ह्याची लांबी ठरली. मधला दांडा साधारण खांद्यांच्या रुंदीचा, आणि पातं मुठीत मावेल एवढंच, म्हणजे 8 ते 9 सेंटिमीटर. ग्रीनलँडमध्ये कयाकमधून, म्हणजे वरून बंद असलेल्या अरुंद होडीतून, सीलची शिकार करणारे तिथले मूळ रहिवासी इनुइट आपली वल्ही अशीच अंगाच्या मापाने घडवत आले.

मी मूळचा देवगडचा, नोकरीसाठी सिएटलला आलो. रुंद पात्याच्या वल्ह्याने खांदा धरायला लागला, तेव्हा कयाक क्लबातल्या एका अनुभवी सोबत्याने हे अरुंद वल्हं सुचवलं. पातं लहान म्हणून जोर कमी मिळेल असं वाटतं, पण ते लांबलचक असतं. वरची कड किंचित पुढे झुकवून ओढलं की पाणी छान धरतं आणि खांद्याला झटका बसत नाही. वाऱ्यातही ते हातातून ओढलं जात नाही. कयाक उलटली तर लाकडाच्या तरंगण्याचा आधार मिळतो आणि माणूस परत सरळ होतो. बर्फाळ पाण्यात एकट्या शिकाऱ्याचा जीव त्यावरच असायचा.

नोकरी सोडून मी आणि बायको सिएटलच्या उत्तरेला किनाऱ्यावर असलेल्या अ‍ॅनाकॉर्टेसला आलो. सान हुआन बेटांकडे जाणारे कयाकवाले इथूनच निघतात, आणि रेड सीडार इथलंच झाड. ग्रीनलँडमध्ये लाकूड जवळपास नाहीच. तिथल्या कारागिरांनी सैबेरियाच्या नद्यांतून समुद्रात वाहत आलेल्या ओंडक्यांवर भागवलं. ते आठवलं की फळी वाया घालवायला हात धजावत नाही. तरी निवड मात्र कडक करावी लागते. गाठ नको, आणि लाकडातल्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जायला हव्यात. मध्येच कडेला निघून गेलेली रेषा म्हणजे वल्हं मोडण्याची जागा.

फळीच्या चारही बाजूंना मध्यरेषा आखतो आणि रंधा कितीही चालला तरी कडेवरची रेषा शेवटपर्यंत पुसू देत नाही. ती गेली की दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत आणि वल्हं पाण्यात फडफडतं. शेवटी टंग तेलाचे, म्हणजे टंग झाडाच्या बियांच्या तेलाचे, हात. व्हार्निश आम्ही लावत नाही, ओल्या हाताला लाकडाची पकड हवी.

1980 च्या दशकात ग्रीनलँडमध्ये तरुणांनी विसरत चाललेली ही कयाकची विद्या पुन्हा उभी केली. क्वानात कात्तुफियात ही त्यांची संघटना दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा भरवते. 1998 मध्ये मालिगियाक पादिला हा ग्रीनलँडचा मुलगा सोळाव्या वर्षी तिथे विजेता झाला, पुढे अमेरिकेत येऊन त्याने इथल्या लोकांना शिकवलं. आमचा धंदा त्या लोकांच्या ज्ञानावर उभा आहे, आणि हे प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आवर्जून सांगतो.

एका मोठ्या दुकानाने तीन ठरावीक लांबीची वल्ही घाऊक मागितली होती. पैशांची गरज होती, तरी आम्ही नाही म्हटलं. माप गेलं की या वल्ह्यात उरतं काय? त्याऐवजी बायकोच्या आग्रहाने दोन तुकड्यांत जोडता येणारं वल्हं काढलं. अखंड वल्हं दोन मीटरच्या वर जातं आणि पार्सलचा खर्च परवडत नाही. जोडाचं वल्हं विमानातही नेता येतं. आज दूरच्या बहुतेक ऑर्डरी त्याच्याच आहेत.

इथल्या खडकांवर शिंपल्यांचे थर असतात, त्यामुळे टोकं झिजतात. ग्रीनलँडमध्ये टोकांना आणि कडांना हाड बसवत. आम्ही कठीण लाकूड बसवतो. टोक खराब झालं तर वल्हं परत पाठवा, नवीन बसवून देऊ. वल्हं दुसऱ्या कुणी घडवलेलं असलं तरी चालेल.